गिनती मिस्त्री

इंजिन उघडण्याआधी एकदा आणि परत चालू करण्याआधी एकदा, अशी दोन वेळा मिस्त्री आपली हत्यारं मोजत. मोठ्यानं, एकेकाला बोट लावून. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला एक हिरवी फळी होती. तिच्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली; हत्यार जागेवर नसलं की नुसती आकृती दिसायची. "एक्केचाळीस, बेचाळीस. जागेवर," असं म्हणून झाल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला किल्ली देत नसत. गिऱ्हाईक कितीही तालेवार असो, गिनती संपेपर्यंत त्याची सुटका नव्हती. म्हणून सगळे त्यांना गिनती मिस्त्री म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

ही सवय ओझरची. तिथल्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी पंधराएक वर्षं इंजिनांवर काम केलं होतं. त्यांच्या वसाहतीतून छातीला बिल्ला लावून ओझरच्या बसमध्ये चढलेला पहिला माणूस हा, असं त्यांच्या बायको, ज्यांना आम्ही माई म्हणायचो, त्या कुणालाही सांगत. पुढे प्रकृतीमुळे त्यांनी नोकरी सोडली आणि शेड टाकली. गिनती मात्र सोडली नाही. "आकाशात पंक्चरचं दुकान नसतं, भाऊ," ते म्हणत. मी एकदा चिडवलं, "पण मिस्त्री, आमच्या गाड्या जमिनीवरून चालतात." फडक्याला हात पुसत ते म्हणाले, "मग तर लयच सांभाळलं पाहिजे. जमीन कडक असते."

उघड्या नळीवर त्यांचा फार राग. इंजिनाची कुठलीही नळी सुटी केली की तिच्या तोंडावर धुतलेलं पांढरं फडकं बांधायचं, मगच जेवायला उठायचं. डबा उघडताना मागे वळून एकदा बघायचं. "उघड्या तोंडात काय पडेल सांगता येत नाय," असं सांगताना त्यांचा चेहरा अगदी शाळामास्तरासारखा होई. त्यांचं बोलणंही बेताचं. तोंड उघडलं की त्यांच्याही तोंडात कुणी काहीतरी टाकेल अशी त्यांना भीती वाटते, असं मी म्हणायचो, आणि माई पदरानं तोंड झाकून हसायच्या.

माझी त्यांची गाठ पडली ती एका लाल गाडीपायी. आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी पंचविशीचा होतो, ऐंशी साल उलटून गेलं होतं. देवळाली कॅम्पातले एक लष्करी अधिकारी निवृत्त होऊन गावी निघाले आणि त्यांची दोन माणसांची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार मी घेतली. सहा सिलिंडरचं लांबलचक नाक, बसलं की ढोपरं छातीला. इगतपुरीच्या बाजूला धरणाकडे चढणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर मोटारशौकिनांचं एक मंडळ घड्याळ लावून चढाईची शर्यत घ्यायचं. तिथे एकदा ही गाडी पळवायची, एवढंच डोक्यात होतं. वडिलांनी सरळ सांगितलं, "एकदा पळव. मग गाडी विकायची आणि दुकानात बसायचं." मला त्यांचा शब्द ठाऊक होता. दुसरी संधी मिळणार नव्हती.

जुन्या इंजिनात तेवढा जोर नव्हता. विलायतेत असलेल्या माझ्या मित्रानं टर्बोच्या दोन संचांची माहितीपत्रकं पाठवली. एका संचात एकच मोठा टर्बो, दुसऱ्यात दोन लहान, तीन-तीन सिलिंडरांना एकेक. कागद घेऊन मी शेडमध्ये गेलो. मिस्त्रींनी चष्मा लावून चित्रं बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे फुंकणी." चुलीत फुंकणीनं हवा घातली की जाळ वाढतो, तसं इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचं आणि ताजी हवा आत कोंबायची. तेव्हापासून आम्ही दोघं टर्बोला फुंकणीच म्हणू लागलो.

एक मोठी फुंकणी की दोन लहान, यावर आमचा महिनाभर वाद चालला. माझं म्हणणं साधं होतं. मोठी फुंकणी उशिरा जागी होते. वळणावर गाडी हळू केली की परत जोर यायला वेळ लागतो. लहान दोन लगेच फिरतात. मिस्त्री ऐकून घेत. "वळणावर तुमचंच खरं हाये," हेही त्यांनी मान्य केलं. "पण दोन फुंकण्या म्हणजे दोन तोंडं, दोन तेलाच्या नळ्या, दुप्पट जोड. एवढ्याशा जागेत सगळं दाटीवाटीनं. काही कमीजास्त झालं तर दोन्हीकडं शोधावं लागंल. एकच घ्या. नजर एका ठिकाणी राहती." मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला काम नको आहे का?" हे मी थट्टेत म्हटलं होतं. त्यांनी तसं घेतलं नसावं, कारण त्यानंतर ते पुन्हा त्यावर बोलले नाहीत. मी दोनवाला संच मागवला.

आणि त्यांनी तो बसवला. नको म्हटलेली गोष्ट इतक्या निगुतीनं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चार महिने रविवारीही शेड उघडी. प्रत्येक जोड ते आधी बोटांनी चाचपत, मग पान्यानं आवळत. पहिल्यांदा सिन्नरच्या रस्त्यावर गाडी पळवून आलो. त्यांनी विचारलं, "वळणावर?" मी म्हणालो, "तुम्ही म्हणाला होतात तसंच, माझंच खरं." ते हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

शर्यतीच्या सकाळी ते माझ्याबरोबर आले, मांडीवर हत्यारांची कॅनव्हासची पिशवी घेऊन. माझा नंबर सातवा होता. चौथी गाडी सुटली तेव्हा त्यांना एका फुंकणीच्या नळीतून हवा फुसफुसल्याचा आवाज आला. त्यांनी बॉनेट उघडलं, नेमकी कुठली ते कळेना म्हणून दोन्ही बाजूंच्या नळ्या सोडल्या, नळी आवळून धरणारा खराब झालेला पट्टा बदलला, परत आवळलं. मग पिशवी गवतावर पसरून मोजायला लागले. अठरा आणली होती. सतरा भरली. पुन्हा मोजली. सतरा.

"गाडी चालू करायची नाय," ते म्हणाले.

"मिस्त्री, माझं नाव पुकारतायत."

त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. "एक पाना कमी हाये. नळीत राह्यला असंल तर फुंकणीची पाती फुटतील. वळणावर फुटली तर तुम्ही दरीत."

मंडळाच्या लोकांनी दहा मिनिटं दिली. मिस्त्रींनी पहिली नळी सोडून आत बोटं घातली, आरसा धरला. त्यात सात मिनिटं गेली. आत काही नव्हतं. दुसरी नळी खाली, तेलाच्या नळीच्या आड. तिला हात लावता लावता वेळ संपला आणि यादीतून माझं नाव खोडलं गेलं. एकच फुंकणी असती तर तपासून, किल्ली लावून, मी वर पोहोचलो असतो. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच मी जास्त भडकलो.

दुसरी नळीही रिकामी निघाली. मिस्त्री उठले, घाम पुसायला रुमाल काढायचा म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. तो पाना त्यांना हळूच गवतात टाकता आला असता. कुणाला कळलंही नसतं. त्यांनी तो बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाले, "माझ्याच खिशात होता. चूक माझी हाये." चार लोक हसले.

मी म्हणालो, "दोन फुंकण्या नको म्हणत होतात ना? शेवटी तुमचंच खरं करून दाखवलंत."

त्यांनी पिशवी आवरली आणि म्हणाले, "मी एस्टीनं येतो." मी त्यांना थांबा म्हणालो नाही. लाल गाडीत शेजारची जागा रिकामी घेऊन मी नाशिकला परत आलो.

पंधरा दिवसांत शेडला कुलूप लागलं. बाजारात कुणी विचारलं तर ते सांगत, "ज्याला स्वतःचा खिसा आठवत नाय, त्यानं दुसऱ्याचं इंजिन उघडू नये." पुढे माईंकडून कळलं की त्याआधीपासूनच त्यांना विसरायला होत होतं, आणि त्यांना ते समजत होतं. चार महिने दर रविवारी माझ्या गाडीपाशी बसून ते स्वतःच्या विसरण्याशी झगडत होते. दोन वर्षांनी ते गेले. मी स्मशानात मागच्या रांगेत उभा राहिलो. माईंना भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीचं लय बोलायचे हो," आणि मला खाली बघावं लागलं.

मी त्यांची माफी मागितली नाही. वेळ मिळाला नाही असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. ते खोटं आहे.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी आले होते. धुतलेला सदरा घालून, बसनं. मी आत होतो. त्यांचा आवाज ऐकला आणि आईला खुणेनं सांगितलं, नाही म्हण. आई दारात जाऊन म्हणाली, "तो बाहेर गेलाय." तिनं त्यांना पाणी दिलं. माझ्या चपला उंबऱ्याशी होत्या. आईचं लक्ष नव्हतं, पण मिस्त्रींचं नक्की गेलं असणार. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल एवढ्या आवाजात आईला म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, मी मुद्दाम केलं नाय. जिवाची भीती वाटली, म्हणून किल्ली काढली."

मग ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मी बाहेर येईन म्हणून.