चष्मा धर

मार खाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण तयारीनिशी मार खायला जाणाऱ्या फक्त बाईच. सौदीतल्या खमीस मुशैतच्या आमच्या हॉस्पिटलात तातडीच्या विभागात कुणी दगावलं की नातेवाइकांसमोर जाण्याआधी त्या चष्मा काढून माझ्या हातात देत. "चष्मा धर, सावंता. नाक काय, आपोआप जुळतं. काच मागवायला महिना जातो." नाक मात्र नीट जुळलं नव्हतं. एका ट्रकवाल्याच्या भावानं ठोसा हाणल्यापासून ते उजवीकडे कललं होतं.

बाई कोल्हापूरच्या डॉक्टर, बोलायला फटकळ. मी संगमेश्वरचा, त्यांच्या हाताखालचा नर्स. पुढे मलाही चष्मा लागला, तेव्हा बाई भलत्याच खूश झाल्या. "आता तूही कामाचा झालास," म्हणाल्या.

घाटात गाड्या कोसळत आणि माणसं आमच्याकडे येत. मागोमाग आरडत नातेवाईक. कुणी सलाईनचा स्टँड उचलून काचा फोडी, कुणी सिक्युरिटीवाल्याला लोळवी. एका बापानं तर बाईंच्या मनगटाचा चावा घेतला, रक्त आलं. सिक्युरिटीवाले धावले, तसा बाईंनी दुसरा हात आडवा केला. मला म्हणाल्या, "असू दे की. राग हा दुःखाचा थोरला भाऊ. दार उघडायला आधी तोच येतो. त्याच्याशी भांडत बसलास, तर धाकटा बाहेर येतच नाही." थोड्या वेळानं तोच बाप त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून हंबरडा फोडत होता आणि चावलेला हात बाईंनी त्याच्या खांद्यावर ठेवला होता.

त्यांचे नियम कडक. मागं सरायचं नाही. मागं सरलं की समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवताहेत. आडवळणानं बोलायचं नाही, 'मृत्यू' हा शब्द उच्चारायचा. आणि 'देवाची मर्जी' आपण म्हणायची नाही. "ते वाक्य त्यांचं आहे. त्यांना सुचेल तेव्हा म्हणतील." अरबीत आणि हिंदीत हे सगळं त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

गुहागरच्या एका वेल्डरचा पाय कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणे, "मोजो काढा, घाम येतोय." पाय कापलाय हे मी शहाणा त्याला समजवायला गेलो. त्यानं जेवणाचं ताट माझ्या कपाळावर फेकलं. टाके घालताना बाई वर मलाच ओरडल्या. "तुला कसली घाई? त्या 'नाही'ला धरून तो तरलाय. हात सुटू दे, मग आपण आहोतच." काही दिवसांनी त्यानं स्वतःच पांघरूण बाजूला केलं, तेव्हा बाई त्याच्या शेजारी बसून होत्या.

बाईंचा एकुलता एक मुलगा, निनाद, जिझानला इंजिनिअर होता. दर गुरुवारी संध्याकाळी तोच घाट चढून आईकडे येई. त्या दिवशी अॅम्ब्युलन्स वाजली की बाईंचा आवाज विनाकारण चढे. त्यांची भीती आम्हा सगळ्यांना दिसत होती, म्हणूनच कुणी तिच्याबद्दल बोलत नसे.

एका गुरुवारी अॅम्ब्युलन्समधून तोच आला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाई वरच्या वॉर्डात होत्या. ड्यूटीवरचे इजिप्शियन डॉक्टर म्हणाले, "मी सांगतो." मी नको म्हटलं. बाईंना त्यांच्या भाषेत कळायला हवं होतं. चष्मा काढून सिस्टरकडे दिला आणि जिना चढताना ध्यानात आलं, मृत्यूचं ते वाक्य मराठीत मी कधी उच्चारलेलंच नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चष्मा कुठाय तुझा?"

"बाई, निनादच्या गाडीला घाटात अपघात झाला. त्याचा मृत्यू झाला."

"गाढवा, तो आज येणार नाहीये. धुकं आहे म्हणून मीच नको सांगितलंय त्याला."

"निनादच आहे, बाई. खाली आहे. मी पाहिलंय."

हातातला टॉर्च त्यांनी माझ्या तोंडावर हाणला. मग दोन्ही मुठींनी मारत सुटल्या. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला, रक्त त्यांच्या पांढऱ्या कोटावर उडालं. सिक्युरिटीवाले धावले, मी हात आडवा केला. मागं सरलो नाही. मारता मारता त्यांची बोटं माझ्या शर्टात अडकली आणि त्या "निनू" म्हणून ओरडल्या. तसला आवाज पुन्हा कानांवर येऊ नये.

शवपेटीबरोबर बाई कोल्हापूरला गेल्या, त्या कायमच्याच. विमानतळावर माझं बँडेज पाहून पुटपुटल्या, "नीट बसवून घे रे ते. वाकडं राहील."

"घेतो, बाई."

घेतलं नाही. आता मी चष्मा धाकट्या सिस्टरकडे देतो आणि नातेवाइकांसमोर जातो. माझंही नाक उजवीकडे कललंय. कुणी विचारलं तर सांगतो, बाईंचं आहे.