आतल्या खोलीतला झेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत आयुधपूजा होते. हैदराबादेत कुठे होत नाही? यंत्रांना कुंकू, फ्रीजला हार, दारात लिंबू. सामानाची यादी मी करते. गेल्या वर्षीही केली: नारळ पाच, झेंडूचे हार चौदा, 'सर्व यंत्रांना'. हे शब्द माझ्या अक्षरातले आहेत, म्हणून आधीच सांगते.

आतल्या खोलीत तेव्हा छत्तीस उंदीर होते, जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेले. पिल्लं असतानाच त्यांना नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी टोचलेल्या. चार महिन्यांनी त्यांच्या अंगात माणसाच्या पांढऱ्या पेशी फिरू लागल्या, मग माणसाच्याच कर्करोगाची गाठ लावली. त्या पेशींना गाठीवर सोडणारं औषध तपासायचं होतं. औषध माणसाच्या पेशींसाठी बनवलेलं, साध्या उंदरात त्याचा परिणाम कळत नाही. आणि या उंदरांना नळाचं पाणीसुद्धा मारू शकतं. त्यांचं खाणं, भुसा, पाणी, सगळं निर्जंतुक करूनच आत जातं.

पूजेच्या दिवशी हार आत गेला. पिंजरे बदलणाऱ्या बाईंनी नेला. पंधरा वर्षं हेच काम करतात, कंत्राटावर. टोपी, मुखपट्टी, हातमोजे, सगळं नियमाप्रमाणे घातलं. पिंजऱ्यांना गाळलेली हवा पुरवणारी मांडणी, तीही यंत्रच; हार तिच्यावर लावला आणि त्याच हातमोज्यांनी पिंजरे बदलले. हारावर फुलवालीने पाणी शिंपडलेलं होतं.

दहा दिवसांत उंदीर अंगाचा गोळा करून बसायला लागले. एकोणतीस गेले. तपासणीत पाण्यातला जंतू निघाला, हाराच्या दोऱ्यातही तोच.

बाईंना विचारलं. "आपैच लिखे थे ना मॅडम, सब मशीनां कू. मैं तो हार पे स्पिरिट बी मारी." मग हळूच, "अब मेरेकू निकालते क्या?"

आमचे प्रमुख पुण्याचे. त्यांनी मला बोलावलं.

"कंत्राटी बाई आहे. एजन्सीला कळवा, दुसरी पाठवतील. अहवालात लिहा, कर्मचाऱ्याने नियम मोडला."

"कुठला नियम, सर?"

"तुमच्याकडे याद्यांचा ढीग आहे ना! काढा त्यातला एखादा."

काढला. आतल्या खोलीच्या दारावर मीच चिकटवलेली यादी आहे: आत काय नेऊ नये. मोबाइल, घड्याळ, बांगड्या, डबा, खोकी. बारा वस्तू. फुलं नाहीत. मला सुचलंच नव्हतं. दारात उभी राहून ती यादी तीनदा वाचली आणि स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

मग फोन उघडला. पूजेच्या सकाळी ग्रुपवर काचेबाहेरून काढलेला फोटो होता: मांडणी, हार, शेजारी हात जोडलेल्या बाई. फोटो प्रमुखांनीच काढलेला. खाली त्यांचं 'झकास!' त्याखाली सोळा जणांचे नमस्कार. दुसरा माझा. सतरा शिकलेली माणसं, पीएचडीवाले, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आता सगळ्यांना नियम आठवत होता. माझं डोकं फिरलं.

अहवाल त्याच दुपारी लिहिला. सोबत तीन कागद जोडले: पूजेची यादी, दारावरची यादी, 'झकास'सकट फोटो. 'कारण' या रकान्यात माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीच्या सगळ्या सदस्यांना एकदमच पाठवला.

प्रमुख लालबुंद होऊन आले. "फोटो कशाला घातलात?"

"तुम्हीच चेष्टेत म्हणता ना सर, मॅडमच्या यादीत नाही ते घडलंच नाही. आता यादीत आहे."

समितीने मला लेखी समज दिली, प्रमुखांना तोंडी. बाई राहिल्या. नवी पिल्लं आली, पुन्हा चार महिने मोजले. औषधाचं काय ते अजून कळायचंय.

यंदाच्या यादीत तेरा हार लिहिले, एकेका यंत्राचं नाव घालून. बाईंनी यादी पाहिली. "अंदर वालों कू कुछ नक्को?"

"नक्को!" मी ओरडलेच.

"चिल्लाते कायकू मॅडम," त्या म्हणाल्या, "मैं तो पूछ लेको जाती अब."