कापड फाडण्याचा आवाज

निर्मला गेल्याचा फोन तिच्या भावानं अकोल्याच्या दवाखान्यातून केला. ‘ताई गेली वो,’ एवढंच बोलला. मी हातातला पेला समोरच्या भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा निघाला, सून धावत आली, आणि मला आणखी काहीतरी फोडावंसं वाटत राहिलं. लोक म्हणतात, दिवस गेले की राग निवतो. महिना उलटून गेला. माझा निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

निर्मला मूळची तेल्हाऱ्याची. अमरावतीत शिवणकाम शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाली, घरी बसवेना, म्हणून आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात तिनं बायकांसाठी गोधडीवर्ग काढला. नवं कापड आणायचं नाही. घरातली जुनी लुगडी, चादरी, धोतरं चालतील. मी तिची मैत्रीण, तेव्हा पहिल्या दिवसापासून सोबत. कैचीनं फक्त एक चीर द्यायची, पुढं कापड हातांनी फाडायचं, हा तिचा नियम. ‘कापलं का वाकडं जाते, फाडलं का धाग्यानं सरळ येते. लाव जोर!’ कुणी जपून ओढू लागलं की ती कापड मोजायचा लोखंडी गज टेबलावर आपटायची. ‘भाजी निवडून राहिली का वं? नवऱ्याची गचांडी हाय समज!’ बायका हसत सुटायच्या आणि टर्रकन फाडायच्या. भिंतीपलीकडे स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासाला बसत. त्यांनी ग्रंथपालांकडे तक्रार केली, तेव्हापासून आमच्या खोलीचं दार लावून घ्यायचं ठरलं. हळूहळू मुलांना या धुमाकुळाची इतकी सवय झाली की टेबल हादरलं तरी कुणी मान वर करीना.

रेखा पहिल्यांदा आली ती भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून. निर्मलानं त्या बाह्यांकडे एकदा बघितलं. एक जाड चादर तिच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘हे फाड.’ रेखा फाडत राहिली. तळहात लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी थांबली नाही. मग काही दिवसांनी आपण होऊन बोलली. नवरा पट्ट्यानं मारतो, आणि माहेरी गेलीस तर जिवंत सोडणार नाही म्हणतो. निर्मला तिला आपल्या घरी घेऊन आली. रेखाचे कपडे आणायला आम्ही दोघी गेलो, तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला आणि तोंडाला येईल ते बोलू लागला. निर्मलानं साऱ्या गल्लीदेखत त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. ‘आता हात लावून पाह्य तिले. मनगट उखडून देईन.’ मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो आला एका दुपारी, वर्ग भरलेला असताना. आत शिरला, मागं कडी घातली आणि रेखाला केसांना धरून खाली पाडलं. निर्मला मध्ये पडली. त्यानं टेबलावरचा तिचाच गज उचलला. मी मागून त्याच्या हाताला कडकडून चावले. त्यानं मला कपाटावर भिरकावलं. पहिला घाव टेबलाच्या कडेवर बसला, दुसरा निर्मलाच्या डोक्यात... मग मोजायला शुद्ध कुणाला होती? ती रेखाच्या अंगावर पालथी पडली आणि हलली नाही. तो तिच्याच पाठीवर, डोक्यावर मारत राहिला. आम्ही साऱ्या किंचाळत होतो. भिंतीपलीकडून कुणीही आलं नाही. शेवटी रेखाच तिच्या खालून सरपटत दारापर्यंत गेली आणि तिनं कडी काढली. मग मात्र ती पोरं तुटून पडली आणि पोलीस येईस्तोवर त्याला दाबून धरलं. ग्रंथपाल रक्ताकडे बघत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, ‘मले वाटलं, ताईचं रोजचंच हाय...’ मी त्यांची कॉलर धरली. मग सोडून दिली, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही उठले नसते. भाऊ तिला अकोल्याला घेऊन गेला, पण ती शुद्धीवर आलीच नाही.

रेखाचा नवरा आत आहे. रेखा तेल्हाऱ्याला निर्मलाच्या भावाकडे राहिली. ती पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवेल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. गेल्या आठवड्यात वर्ग उघडला आणि ती आली. गज पोलिसांकडे आहे, टेबलाच्या कडेवरची खोक मात्र तशीच. कापडाला हात लावायची कुणाची छाती होईना. रेखानं पिशवीतून निर्मलाचं जांभळं लुगडं काढलं, कैचीनं चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं.

टर्रकन आवाज झाला. पलीकडे खुर्च्या सरकल्या, पावलं धावली, दार धाडकन उघडलं. पुढं ग्रंथपाल, मागं सगळी पोरं, एकाच्या हातात उगारलेलं जाडजूड पुस्तक.

‘काई नाई झालं,’ रेखा म्हणाली. ‘फाडून राहिलो आमी. जा, अभ्यास करा.’

सगळे परत गेले. दार आता उघडंच असतं. रेखानं दुसरी पट्टी फाडली, आणि पलीकडे पुन्हा खुर्च्या सरकल्या.