उलटं पान

मलकापूरहून नांदुऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. तिशीची असावी. बराच वेळ माझ्या कुर्त्याकडे पाहत होती. शेवटी तिनं विचारलं, "ताई, हे कापड कुठून घेतलं?"

"बुलढाण्याच्या एका दुकानातून."

तिनं मोबाईलवर इन्स्टाग्राम उघडून आपलं खातं दाखवलं. माझ्या कुर्त्यावरची ज्वारीच्या कणसांची नक्षी तिनं तिथं दोन वर्षांपूर्वीच टाकली होती. कापडासाठी ती अशा नक्ष्या काढायची आणि काम मिळावं म्हणून त्यांचे फोटो टाकत राहायची.

माझ्या बाहीवरच्या एका पानावर तिनं बोट ठेवलं. "हे पान माह्याकडून उलटं निघालं होतं. कापडवाल्याईनं चूकबी तशीच छापली."

"तक्रार करा ना," मी म्हणाले.

"कोणाची करू? फोटो पाहून सगळ्याईनं 'लय भारी' लिहिलं. काम कोणीच देलं नाही."

वडनेर भोलजी आलं तशी ती उठली आणि ओशाळून म्हणाली, "बाहीचा फोटो काढू का? माही नक्षी कापडावर कधी पाह्यलीच नाही."

मी बाही ताणून धरली. तिनं फोटोत माझा चेहरा घेतला नाही, याचंच मला बरं वाटलं.