मुलांच्या जर्सी

काल विद्यापीठाच्या कोर्टवर मुली बास्केटबॉलचा सराव करत होत्या. प्रत्येकीची जर्सी तिच्याच मापाची. मी बघतच राहिले. मी इथल्या टीममध्ये खेळायचे तेव्हा आम्हाला मुलांनी वापरून टाकलेल्या जर्सी मिळायच्या, इतक्या ढगळ की आमची कॅप्टन शुभाताई सामन्याआधी त्यांना अंगावरच टाके घालायची. "हलू नकोस गं, टोचेल!" मानेवरचा तिचा श्वास अजून आठवतो. पण स्पष्टच सांगते, तो अन्याय होता, आणि आम्ही तो हसत सोसला. आजही कोर्टच्या भिंतीवर 'आपला गौरवशाली इतिहास' म्हणून लावलेत ते फक्त मुलांचे फोटो.

एक मुलगी घाम पुसत आली. मी इथंच शिकले, असं तिला सांगितलं. "ताई, तुमच्या वेळी मुलींची टीम नव्हतीच ना?"

"कोण म्हणतं?"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

मी तिथंच फरशीवर बसले आणि आमच्या टीममधल्या एकेकीचं नाव सांगायला लागले. बाकीच्याही बॉल काखेत धरून जवळ आल्या.