हरणांच्या वावरातली बुधरी

बुधरी आमच्या जंगल नाक्यामागच्या वस्तीत राहायची. तिचा नवरा वाघाने नेला असं लोक सांगत, कारण ते ऐकायला बरं वाटे. खरं तर तो तापाने गेला. मागे उरली नाल्याकाठची दीड एकर धानाची बांधी. जमीन सरकारची. रेंजर सांगेल ते जंगलाचं काम करायचं, तेवढ्यावर ती कसायची. काम चुकलं की जमीन गेली. बुधरीचं काम कधी चुकलं नव्हतं.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण आमचे हे नाकेदार, त्यामुळे साहेब लोकांचं बोलणं माझ्या चुलीपर्यंत यायचं. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात गुणवंतराव नावाचे नवे रेंजर आले, ते एक योजना घेऊनच. हरणं लोकांची पिकं खातात, कारण जंगलात त्यांना खायला नाही. तर आपणच हरणांसाठी वावर पेरायचं. चितळं आजवर कशावर जगली, हे कुणी विचारलं नाही. मी चहा देत होते, मीही विचारलं नाही.

जागा ठरली डाकबंगल्यासमोरचा मुरमाचा उंचवटा. तिथे कुदळ मारली की मनगटं झिणझिणत आणि जमिनीवर नुसता पांढरा ओरखडा उठे. कामाला बुधरीला बोलावलं. तिने पायाने जमीन चाचपली.

"साहेब, इथी काई येत नाई. खाली नाल्याकडं पेरा. पानी हाये, हरनंबी तिकडंच येते."

"मोठे साहेब कार्तिकात पाहणीला येणार आहेत," गुणवंतराव म्हणाले. "ते काय चिखल तुडवत नाल्यापर्यंत जातील? जीपमधून दिसलं पाहिजे."

"पन खानार तं हरनं ना?"

गुणवंतरावांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी झाडाकडे पाहिलं.

पोत्यांतून लांबच्या मुलखातलं गवताचं बी आलं. बुधरीने सांगितलं तसं फेकलं. पावसात अर्धं नाल्याला वाहून गेलं, उरलेलं मुंग्यांनी घरी नेलं. आषाढ संपला तेव्हा त्या उंचवट्यावर एकच गोष्ट उभी होती, ती म्हणजे पाटी: वन्यप्राण्यांसाठी राखीव. माणसांनी आत येऊ नये.

"तू नीट पेरलं नाहीस," गुणवंतरावांनी बुधरीला सांगितलं. "कार्तिकात इथं हिरवं दिसलं नाही, तर तुझी बांधी दुसऱ्याला."

दुसऱ्या दिवसापासून वस्तीची सगळी ढोरं बुधरीने त्या उंचवट्यावर बसवायला सुरुवात केली. श्रावणभर ढोरं तिथेच. खुरांनी मुरूम फुटला, शेणामुताने भिजला. ती स्वतः उतारावर दगडांच्या आडव्या ओळी लावत राहिली, पाणी थांबावं म्हणून. गुणवंतराव जीपमधून उतरले ते तापूनच.

"बाई, पाटी दिसत नाही? ढोरं वन्यप्राणी आहेत का?"

"नाई साहेब. पन त्याईले वाचता येत नाई."

भादव्यात तिने घरातले कुळीथ पेरले. कुळीथ बिचारा फार मागत नाही. आश्विनात उंचवटा हिरवा झाला, आणि एका सकाळी चितळं आली. ज्यांच्यासाठी पेरलं तीच आली, म्हटल्यावर मला वाटलं आता साहेब पेढे वाटतील. पण ते व्हरांड्यातून अनवाणीच धावले.

"हाकला त्यांना. मोठे साहेब यायच्या आधी सगळं चरून टाकतील."

मग तिथे राखणीसाठी मचाणासारखा उंच मांडव बांधला. बुधरी त्यावर पत्र्याचा डबा घेऊन बसली आणि हरणांच्या वावरातून हरणं हाकलू लागली. भुकेलं जनावर जाणार कुठे? ते खाली नाल्याकडे गेलं. तिथे बुधरीच्या बांधीत धान लोंबीवर आलं होतं.

मी तिला भाकर घेऊन जायची. ती वरून आपल्याच धानाकडे बघत बसलेली असे.

"बाई, मी हरनाईचं वावर राखून राह्यली, अन् माह्यं वावर हरनं राखून राह्यले."

"मंग उतर ना खाली. आपलं धान राख."

"उतरली तं साहेब बांधी घेते. नाई उतरली तं हरनं धान घेते. बांधी राह्यली तं धान पुढल्या साली येईन."

कार्तिकात मोठे साहेब आले. जीपमधूनच त्यांनी हिरवा उंचवटा पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, "छान. हरणं कुठं आहेत?"

गुणवंतरावांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पुन्हा झाड शोधलं. बुधरी मांडवावरून उतरली.

"चाला साहेब, दाखवते."

आणि मोठे साहेब चिखल तुडवत नाल्यापर्यंत गेले. बांबूच्या आडून त्यांनी पाहिलं, तर बांधीत वीसेक चितळं निवांत धान खात होती. त्यांनी हॅट काढली.

"याला म्हणतात योजना. गुणवंतराव, हेच वावर हरणांसाठी कायम करा."

गुणवंतरावांनी लगेच वहीत लिहून घेतलं. वावर कुणाचं, ते लिहिलं नाही. बुधरी पदर खोचून म्हणाली, "मंग वरचं मले द्या, साहेब. तिथी हरनं येत नाई. तुमीच तं पायलं."

"त्या मुरमात तू काय पिकवणार?" मोठे साहेब हसले आणि उंचवटा तिला द्यायची सही करून गेले.

नांगर बंद झाल्यावर बांधीत कमरेएवढं गवत माजलं आणि चितळं तिथेच रमली. उंचवट्यावर यायचीही थांबली. योजना यशस्वी झाली, गुणवंतरावांना बढती मिळाली. बुधरीचा भात मात्र गेला तो गेलाच. संक्रांतीला मी तिला पायलीभर तांदूळ पाठवायची, ती मला कुळीथ.

पाटी तेवढी उंचवट्यावरच राहिली. ती हलवायला चांद्याच्या कचेरीतून हुकूम लागतो, असं आमचे हे म्हणत. एकदा कुळीथ उपटता उपटता बुधरीने मला ती वाचायला लावली. मी वाचली.

"म्हंजे मानसानं आत याचं नाई?"

"नाई."

"अन् रानातल्या जनावरानं?"

"त्यानं यावं."

तिने कुळथाची पेंढी बाजूला सरकवून मला जागा केली.

"मंग काई हरकत नाई. ये, तूबी बस."