शेवटचा माणूस येईपर्यंत

दर रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या तलावाकाठी पाच किलोमीटरची धाव असते. फी नाही, बक्षीस नाही. कुणीही यावं, पळावं किंवा चालावं, आणि घरी जावं. माझी मुलगी तिथे पळायची आणि मी तिची पिशवी सांभाळत बाकावर बसायचे. मग ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली. पुढच्या रविवारी मला नेहमीच्याच वेळी जाग आली. काय करावं सुचेना, म्हणून पिशवीशिवायच तलावावर गेले. हे सगळं चालवणारी दातांची डॉक्टर मला ओळखत होती. म्हणाली, "काकू, आज मागे चालायला कुणी नाही. तुम्ही चालाल?"

मागे चालणं हे तिथलं एक काम आहे. नारिंगी जाकीट घालायचं आणि सगळ्यांच्या मागून चालायचं. मग आपण शेवटचे आहोत असं कुणालाच वाटत नाही, आणि कुणी मध्येच बसलं तर कळतं. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. बेलापूरच्या कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, पळायची वेळ कधी आली नव्हती.

शिट्टी वाजली की सगळे सुटायचे, दोन-तीन मिनिटांत वळणापलीकडे दिसेनासे व्हायचे, आणि मग एकदम शांत. थंडीत धुकं इतकं उतरायचं की पलीकडच्या टॉवरचे नुसते वरचे मजले उरायचे, खाली काही नसल्यासारखे. फ्लेमिंगो दिसत नसत, त्यांचं आपापसातलं पुटपुटणं तेवढं पाण्यावरून यायचं. रात्रीची उरलेली झोप मी चालत चालत पुरी करते आहे, असं वाटायचं.

डिसेंबरात ते आले. जवळच्याच बोनकोडे गावचे, सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, दुमडलेली पँट, पायात चपला. सून स्कूटरवरून घेऊन आली होती. म्हणाली, "बाबा दिवसभर खिडकीशी बसून असतात. डॉक्टर बोलले, चालवा. तुमी बघाल ना यांच्याकडे? मी तासाभरात येते."

पहिल्या दिवशी अर्धा रस्ता ते पाण्याकडे बघत चालले. मग एकदम विचारलं, "तू कोनाची गो बाय?"

"मी मिरजेची, बाबा."

"लांबची हायेस."

त्यानंतर ते बोलायला लागले. दर रविवारी थोडं थोडं. आम्ही चालत होतो त्या ट्रॅकच्या जागी त्यांचं भाताचं शेत होतं. त्या चौदा मजली टॉवरच्या जागी त्यांच्या सासऱ्यांचं. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि बांधात लाकडी दार. ओहोटीला ते दार उघडून शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचं, भरती यायच्या आत बंद करायचं. त्या दाराला ते उघाडी म्हणत. तिची राखण त्यांच्याकडे होती, मिसरूड फुटल्यापासून नव्या शहरासाठी शेतं गेली तोवर. ते बोट दाखवत आणि मला खरंच तिथे बांध दिसू लागे. बांधाच्या कडेने मी जपून पाय टाके.

जानेवारीतल्या एका रविवारी धुकं फारच दाट होतं. तिसऱ्या किलोमीटरच्या वळणावर ते थांबले, कान देऊन काहीतरी ऐकलं आणि ट्रॅक सोडून खाडीच्या बाजूला उतरायला लागले.

"बाबा, रस्ता इकडून आहे."

"भरती आली. उघाडी उघरीच हाय."

मी घाबरले. हात धरून मागे ओढावं की आरडाओरडा करावा, कळेना. पण त्यांच्या चालण्यात जी घाई होती, तशी मी आधी कधी पाहिली नव्हती. आजारी माणसाची नव्हती ती, कामाच्या माणसाची होती. मी दातांच्या डॉक्टरला फोन केला, "आम्ही दोघं येतोय, पण वेळ लागेल. बरे आहोत," एवढंच सांगितलं आणि त्यांच्या मागे उतरले.

खाली तिवरांच्या कडेला पक्षी बघायला एक लोखंडी कठडा केलेला आहे. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावला. मानेच्या शिरा ताणल्या. "धर गो बाय. एकल्यानं हलनार नाय."

मी त्यांच्या हातांशेजारी हात ठेवले. लोखंड थंडगार आणि ओलं होतं. आम्ही दोघांनी ढकललं. कठडा जागचा हलला नाही, अर्थात. पण किती वेळ आम्ही तसे वाकून उभे होतो, मला सांगता यायचं नाही. समोर तिवरांच्या मुळांतून पाणी खरंच चढत होतं, आवाज न करता. कुठूनतरी फ्लेमिंगोंचा थवा उठला. पक्षी दिसलेच नाहीत, धुक्यालाच थोडा गुलाबी रंग चढला आणि उतरला.

मग त्यांनी हात काढले, पँटला पुसले. "बसली," म्हणाले. थोड्या वेळाने माझ्या जाकिटाकडे बघून विचारलं, "आपन कुठं आलो?"

"चालायला आलोय, बाबा."

"मंग चल."

एव्हाना सगळे घरी गेले असतील, असं मी धरून चालले होते. पण शेवटच्या रेषेपाशी दहा-बारा जण उभे होते. पंचवीस मिनिटांत पळून झालेली माणसं, घाम वाळून थंडीने काकडत. शेवटचा माणूस आल्याशिवाय घड्याळ बंद करायचं नाही, हा तिथला नियम. आम्ही दिसताच टाळ्या सुरू झाल्या. "दोन तास अकरा मिनिटं!" डॉक्टर ओरडली. बाबांनी सगळ्यांना हात जोडले.

सून मात्र रागावलेली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तलावाला दोन चकरा मारल्या मी." मी झालं ते सांगितलं, कठड्याचंही, बोलणी खायच्या तयारीने. ती म्हणाली, "घरीपण असंच उठतात. आमी सांगतो, बाबा, शेत नाय आता, उघाडी नाय. मग जेवतच नाहीत." मग तिने विचारलं, "बसली, असं बोलले?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ओढणीने डोळे पुसून स्कूटर चालू केली.

पुढच्या रविवारपासून तीही आमच्याबरोबर चालायला लागली. वळण आलं की आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना व्हायचो. काही वेळा ते थांबायचे, काही वेळा नुसते पुढे जायचे. मे महिन्यापर्यंत असं चाललं. मग पावसाळ्यात त्यांचे गुडघे गेले.

ऑक्टोबरात सूनच त्यांना परत घेऊन आली. चालणं आता शक्य नव्हतं. डॉक्टरने शेवटच्या रेषेपाशी खुर्ची मांडली आणि पळून येणाऱ्याला वेळ नोंदवायचं टोकन द्यायचं काम त्यांच्याकडे दिलं. त्यात एकच अडचण झाली. ते प्रत्येकाला विचारतात, "कोनाचा तू?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय टोकन सोडत नाहीत. धापा टाकत माणसं सांगतात, साताऱ्याचा, गुहागरचा, पाटण्याचा, कोट्टायमचा. मागे रांग लागते. वेळ दोन मिनिटांनी वाढते म्हणून सुरुवातीला एकदोघांनी कुरकुर केली, आता कुणी करत नाही. गेल्या रविवारी एक पोरगेला इंजिनीअर म्हणाला, "बाबा, मी इथलाच, वाशीचा," तर त्यांनी त्याला बाजूला उभं केलं आणि वाशीत आधी कोण राहायचं ते घरागणिक सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.